दीडपट वेगानं ‘समजलं’ म्हणजे काय?

एनपीटेलचा कुठलाही जुना व्हिडिओ लावा. आधी ती ओळखीची धून. मग एक प्राध्यापक, मागे स्लाइड, हातात लाइट पेन. बोलणं संथ, पाल्हाळ नाही, विनोद तर नाहीच. अर्धा तास आणि मग पुढचा व्हिडिओ. इंजिनिअरिंग आणि सायन्सच्या कित्येक मुलामुलींनी सेमिस्टरच्या आदल्या रात्री याच माणसांकडून विषय शिकून घेतला आहे. आपण सिनेमावर लिहितो, वेबसिरीजवर लिहितो. एका पिढीनं तासन्‌तास पाहिलेल्या या प्रकाराबद्दल मात्र समीक्षा म्हणून कुणी बोलत नाही. मी स्वतः असे कोर्स बरेच पाहतो, त्यामुळे प्रेक्षक म्हणूनच हे लिहितोय.

आता हा प्रकार फक्त ‘एक्स्ट्रा’ राहिलेला नाही. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेनं मिळून २००३ साली एनपीटेल सुरू केलं, २०१७ मध्ये ‘स्वयम’ हे सरकारी व्यासपीठ आलं. यूजीसीच्या २०१६च्या नियमांनी एका सेमिस्टरमधले २० टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयमवरून घ्यायला परवानगी दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. म्हणजे तुमच्या मार्कशीटवरचे जवळजवळ निम्मे विषय तुम्ही स्क्रीनवर शिकलेले असू शकतात. त्यामुळे स्क्रीनवर नेमकं काय शिकलं जातं, हा प्रश्न आता थेट पदवीचा आहे.

आधी या माध्यमाची बाजू. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या भरवशावर चालणाऱ्या कॉलेजात एखादा पेपर शिकवायला माणूसच नसतो. तिथल्या मुलीला हा व्हिडिओ म्हणजे त्या विषयाचा पहिला चांगला शिक्षक असतो. शिवाय हा शिक्षक थांबवता येतो. वर्गात ‘सर, परत सांगा’ म्हणायला मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची जीभ रेटत नाही. इथे दहा सेकंद मागे जायला कुणाची परवानगी लागत नाही, कुणी हसत नाही. वेग वाढवून पाहण्यालाही उगाच नावं ठेवली जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी हे तपासलं, तेव्हा दुप्पट वेगापर्यंत विद्यार्थ्यांच्या आकलनात फारसा फरक पडला नाही. तेव्हा दीडपट वेग हा गुन्हा नाही.

मला खटकतं ते दुसरंच. हा प्रकार ‘समजलं’ ही भावना फार स्वस्तात देतो.

रिकर्शनचं उदाहरण घ्या. स्क्रीनवर फॅक्टोरियलचा कोड येतो. सर पाचचं फॅक्टोरियल काढतात. पाचासाठी चार हवं, चारासाठी तीन, असं करत खाली एकपर्यंत जातात आणि गुणाकार करत वर येतात. पाहताना सगळं लख्ख दिसतं. मग व्हिडिओ बंद करून कोरी फाइल उघडा आणि टॉवर ऑफ हनॉय लिहा. हात हलत नाही. मघाशी जे लख्ख दिसलं ती सरांची समज होती. आपण ती पाहिली आणि आपलीच मानली.

हे केवळ माझं निरीक्षण नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून, तो बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तर लिहिणारे पुढे निघाले. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील हा विश्वास पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. हार्वर्डमधल्या फिजिक्सच्या वर्गांवरचा २०१९चा अभ्यासही त्याच दिशेचा. उत्तम व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यांना वाटलं की आपण जास्त शिकलो. गटात बसून स्वतः गणितांशी झटापट केलेल्यांना वाटलं की आपण कमी शिकलो. चाचणीत मात्र झटापट केलेले सरस ठरले.

म्हणजे व्याख्यान जितकं सफाईदार, तितकी फसगतीची शक्यता जास्त. वर्गातल्या व्याख्यानातही हा दोष आहेच. पण वर्गात निदान एक जिवंत माणूस समोर असतो. त्याला चाळीस कोरे चेहरे दिसतात आणि तो खडू ठेवून विचारतो, ‘कुठे अडलं?’ रेकॉर्ड केलेल्या माणसाला तुमचा चेहरा दिसत नाही.

स्वयमच्या रचनेत याचा विचार केलेला आहे. प्रत्येक कोर्सचे चार भाग ठरलेले आहेत: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि चर्चा. कागदावर ही चौकट उत्तम आहे. पण यातला चर्चेचा भाग पाहा. प्रश्न विचारायचा तर तो लिहून, बहुधा इंग्रजीत, अनोळखी लोकांसमोर विचारायचा. ज्याला आपलं काय अडलंय हेच सांगता येत नाही, तो तिथे काय लिहिणार? अडलेल्या माणसाची अडचण नेमकी तीच असते.

आणि चाचणी? एनपीटेलच्या बारा आठवड्यांच्या कोर्सात साधारणपणे उत्तम आठ असाइनमेंटचे २५ गुण आणि केंद्रावरच्या परीक्षेचे ७५ गुण धरतात. असाइनमेंट बहुतेक पर्यायी प्रश्नांच्या. दर आठवड्याची उत्तरं यूट्यूबवर आयती मिळतात. मुलं ती टिकमार्क करून मोकळी होतात म्हणून त्यांना आळशी ठरवणं सोपं आहे. पण पाच पेपर, प्रॅक्टिकल, जर्नल आणि वर हा कोर्स, यात कुठलाही शहाणा माणूस गुण मिळवण्याचा सगळ्यात छोटा रस्ताच धरेल. जो भाग स्वतः आठवून, चुकत शिकण्यासाठी होता, तोच उतरवून काढण्याचा झाला. हा दोष रचनेचा आहे.

‘ब्लेंडेड’ शब्दाचा मूळ अर्थ इथेच हरवतो. व्हिडिओ घरी पाहावा आणि वर्गातला मोकळा झालेला वेळ अडलेल्या गणितांना, वादाला, प्रयोगाला द्यावा, अशी ती कल्पना. म्हणजे शिक्षकाचं काम कमी होत नाही, उलट अवघड होतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी व्हिडिओची लिंक व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते, मेंटॉर म्हणून एका प्राध्यापकाचं नाव लागतं आणि वर्गातला तो तास वेळापत्रकातूनच गायब होतो. मिश्रणातला एक घटक काढून टाकला, तरी नाव मिश्रणाचंच राहतं.

तरीही मुलं शिकतात, आणि कसं शिकतात ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हॉस्टेलच्या खोलीत एक फोन, तिघं जण. एक जण व्हिडिओ थांबवतो. ‘थांब, फंक्शन स्वतःलाच बोलावतंय, मग ते थांबतं कधी?’ दुसरा सांगायला लागतो, मराठीत, आणि मध्येच अडखळतो. तिसरा म्हणतो, ‘म्हणजे तुलाही नाही कळलं.’ मग वही निघते. ‘थांबतं कधी’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच बेस केस. ही संज्ञा व्हिडिओत येऊन गेलेली असते, पण ती त्यांची होते ती व्हिडिओ थांबल्यावर, स्वतःच्या भाषेत अडखळताना.

जे या तिघांना आपोआप जमलं, ते घरून येऊन-जाऊन शिकणाऱ्या मुलीच्या वाट्याला येत नाही. दोन बस बदलून ती घरी पोचते, घरचं काम उरकते आणि रात्री एकटी व्हिडिओ लावते. थांबवून विचारायला शेजारी कुणी नसतं. प्रमाणपत्र दोघांनाही एकच मिळतं, शिकणं एकसारखं होत नाही. ऑनलाइन शिक्षणानं अंतर मिटवलं असं म्हणताना हे अंतर मोजायचं राहून जातं.

म्हणून कोर्स चांगला की वाईट हे ठरवताना सर किती छान बोलतात, याला मी दुय्यम मानतो. त्या कोर्सनं मला कितीदा थांबवलं, लिहायला लावलं, कुणाला तरी सांगायला लावलं, हे आधी पाहतो. आणि कॉलेजांकडे मागणी एकच, तीही महागडी नाही: क्रेडिट स्वयमचं घेताय ना, मग त्या कोर्ससाठी वेळापत्रकात आठवड्याला एक तास ठेवा. वर्ग उघडा, फळा पुसलेला, एक शिक्षक हजर. त्यानं व्याख्यान देऊ नये. फक्त विचारावं, ‘या आठवड्यात कुठे अडलं?’ आणि उत्तर मराठीत आलं तरी ऐकून घ्यावं.