चंद्रलेखा : थांबलेल्या हातांचे नृत्य

आधुनिक नृत्य म्हणजे नर्तकाने आपले अंतरंग प्रेक्षकांपुढे उघडे करणे, अशी एक समजूत आपल्याकडे रुळली आहे. मी नृत्य शिकलेलो नाही. जुनी परीक्षणे, मुलाखती आणि चित्रफिती यांवरच माझा अभ्यास उभा आहे. पण चंद्रलेखांच्या (१९२८–२००६) रचना पाहताना ही समजूत मला सोडावी लागली.

महाराष्ट्रातल्या वाडा येथे जन्मलेल्या चंद्रलेखा मद्रासला एल्लप्पा पिळ्ळै यांच्याकडे भरतनाट्यम शिकल्या. १९५२ मधला त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम रायलसीमेच्या दुष्काळनिवारणासाठी होता. ‘मथुरानगरीलो’ या रचनेत यमुनेतली जलक्रीडा मुद्रांतून दाखवायची होती. त्या क्षणी डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन आली आणि आपण थबकलो, असे त्या पुढे सांगत.

यातून एक सोपी वाट निघत होती : पाण्याऐवजी दुष्काळ नाचून दाखवायचा. ती त्यांनी घेतली नाही. त्यांचा प्रश्न विषयाचा नव्हताच. नृत्याचे जगण्याशी नाते काय, हा होता. मधली कित्येक वर्षे लेखन, भित्तिपत्रके आणि स्त्री-चळवळ यांत गेली. १९८४ मध्ये मुंबईच्या पूर्व-पश्चिम नृत्यसंमेलनात त्या रंगमंचावर परतल्या. १९८५ च्या ‘आंगिक’मध्ये त्यांनी भरतनाट्यमशेजारी योग आणि कळरीपयट्टू आणून ठेवले. देवस्तुती, दागिन्यांचा साज, कथानक गळाले. उरले अरमंडी, कणा आणि श्वास.

‘श्री’मध्ये वाकलेल्या पाठीच्या स्त्रिया रंगमंचावरून सरकतात. चेहऱ्यावर दुःखाचा आविष्कार नाही. जे म्हणायचे ते कणा म्हणतो. ‘शरीर’मध्ये (२००१) गुंदेचा बंधूंच्या ध्रुपदाच्या साथीने एक स्त्री इतक्या संथपणे पाय उचलते, की चित्रफीत अडकली की काय, असे मला प्रथम वाटले. मग ध्यानात आले, घाई माझीच होती. येथे कुणाचे आत्मचरित्र नाही, तरी प्रत्येक निर्णय चंद्रलेखांचा आहे. काय वगळायचे हे ठरवण्यातच त्यांची व्यक्तिगत अभिव्यक्ती आहे.

माझा आक्षेप एकच. ज्या अभिनयाला त्यांनी बाजूला सारले, तो देवदासींनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेला होता. भरतनाट्यम ‘प्रतिष्ठित’ करताना त्यातला शृंगार सौम्य केला गेला. चंद्रलेखांनी कामभावनेला रंगमंचावर पुन्हा मान दिला, पण शक्ती आणि यंत्र यांच्या अमूर्त भाषेत. त्या भाषेत इतिहासातल्या खऱ्या बायका दिसेनाशा होतात. बालसरस्वतींचा अभिनय मोलाचा मानणाऱ्या अभ्यासकाला हे खुपणारच.

तरीही त्यांच्या नकाराचे मोल मी कमी मानत नाही. शिकलेली मुद्रा खोटी वाटू लागली, तेव्हा त्यांनी ती सफाईदारपणे पुढे रेटली नाही. त्या थांबल्या, आणि त्या थांबण्याचा अर्थ शोधायला तीस वर्षे लागली, तर तेवढी त्यांनी दिली.