लेखनदोष आणि वाचकाचा निवाडा

अर्ज, निविदा, अहवाल, जाहिरात, माहितीपत्रक अशा व्यावसायिक लेखनात शुद्धलेखनाची वा व्याकरणाची चूक आढळली की वाचकाचे मत लेखकाविषयी प्रतिकूल होते, हे सर्वमान्य आहे. पण ही प्रतिकूलता नेमकी कशाविषयीची असते? ती चुकीच्या आकाराच्या प्रमाणात असते की अन्य कशाच्या? ह्या प्रश्नांचा शिस्तबद्ध विचार प्रामुख्याने अमेरिकेतील इंग्रजीच्या संदर्भात झाला. त्यातील चार लेखांचे परीक्षण करून त्यांच्या निष्कर्षांना मराठीच्या लेखनव्यवहारात कितपत आधार मिळतो हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पहिला लेख टेक्सस विद्यापीठातील मॅक्सीन हेअरस्टन ह्यांचा. ‘कॉलेज इंग्लिश’ ह्या नियतकालिकात तो १९८१ साली प्रसिद्ध झाला. सर्व चुका सारख्या नसतात, असे त्याचे शीर्षकच सांगते. अध्यापनक्षेत्राबाहेरील व्यावसायिकांकडे त्यांनी एकेक दोष असलेली वाक्ये पाठविली आणि तो दोष आपणांस मुळीच खटकत नाही, थोडा खटकतो की फार खटकतो, असे विचारले. उत्तरांतून जी उतरंड तयार झाली तिच्या शिरोभागी अर्थ दुर्बोध करणारे दोष नव्हते. तेथे होती क्रियापदाची अप्रमाण रूपे, दुहेरी नकार आणि ह्यांसारखे प्रयोग. इंग्रजी समाजात हे प्रयोग अल्पशिक्षितांच्या वा खालच्या मानल्या गेलेल्या स्तरांच्या बोलीची खूण समजले जातात. हेअरस्टन ह्यांनी अशा दोषांना सामाजिक दर्जा दाखविणारे दोष म्हटले, ते यथार्थच आहे.

हा निष्कर्ष मोलाचा असला तरी त्याची पद्धती निर्दोष नाही. समोर वाक्य ठेवून त्यातील दोष खटकतो का, असे विचारणे म्हणजे वाचकाला आधीच परीक्षकाच्या आसनावर बसविणे होय. त्या आसनावर बसलेला मनुष्य आपल्याला काय खटकते हे सांगत नाही. काय खटकावयास हवे असे त्याला शिकविले गेले आहे, ते सांगतो.

नेमक्या ह्याच मर्मावर त्याच वर्षी शिकागो विद्यापीठातील जोसेफ विल्यम्स ह्यांनी बोट ठेवले. दोष ही केवळ कागदावर असणारी वस्तू नव्हे. लेखक, वाचक आणि व्याकरणकार ह्यांच्या परस्परसंबंधांतून ती प्रतीतीस येते, असा त्यांचा सिद्धान्त आहे. व्याकरणाचे दंडक घालून देणारे नामांकित लेखक आपल्याच पुस्तकात ते दंडक मोडतात आणि त्यांच्या वाचकांना त्याचा पत्ताही लागत नाही, हे त्यांनी उदाहरणांनी दाखविले. पुढे लेखाच्या अखेरीस ते उघड करतात की, ह्या लेखातच आपण सुमारे शंभर दोष हेतुतः पेरले आहेत. हा लेख वाचणारे बहुतेक जण लेखनाचे अध्यापक होते. विद्यार्थ्यांच्या वह्यांत तांबड्या शाईने खुणा करणे हे त्यांचे रोजचे काम. तरीही विद्वानाच्या मुद्रित लेखात दोष असतील अशी अपेक्षाच नसल्यामुळे ते बहुतेकांना दिसले नाहीत. विद्यार्थ्याच्या निबंधात तेच दोष पहिल्या परिच्छेदातच दिसले असते. तात्पर्य असे की, लेखकाविषयीचे मत दोष दिसल्यानंतरच बनते असे नाही. पुष्कळदा मत आधी असते आणि दोष त्यानंतर दिसतो.

तिसरा लेख लॅरी बीसन ह्यांचा, २००१ सालचा. व्यवसायक्षेत्रातील चौदा व्यक्तींना सदोष मजकूर देऊन त्यांनी केवळ प्रश्नावली भरून घेतली नाही, तर प्रत्येकाची मुलाखतही घेतली. त्यातून दिसले ते असे की, वाचक वाक्याविषयी थोडे आणि लेखकाविषयी फार बोलतो. लेखक उतावळा आहे, निष्काळजी आहे, त्याला वाचकाची पर्वा नाही, त्याचे ज्ञान तोकडे आहे, बाहेरच्या जगात संस्थेचे प्रतिनिधित्व करण्यास तो योग्य नाही, असे अनुमान एका दोषावरून काढले जाते. शिवाय एकाच दोषाविषयी दोन वाचकांचे एकमत होईलच असेही नाही, हे बीसन ह्यांनी प्रामाणिकपणे नमूद केले आहे. संख्या चौदाच असल्याने ह्या निरीक्षणांना सर्वसामान्य नियमाचे रूप देता येणार नाही. परंतु अनुमानाची साखळी कशी जुळते हे त्यांच्याइतके स्पष्ट इतर तिघांपैकी कोणी दाखविलेले नाही.

चौथा लेख मिशिगन विद्यापीठातील ज्यूली बोलंड आणि रॉबिन क्वीन ह्यांचा, २०१६ सालचा. घरात सोबती हवा, अशा जाहिरातीला आलेली ईमेल-उत्तरे म्हणून त्र्याऐंशी वाचकांना काही मजकूर दिला गेला. काही उत्तरे निर्दोष होती, काहींत टंकनाच्या चुका होत्या, तर काहींत समोच्चारी शब्दांची गफलत होती. दोष असलेल्या उत्तरांच्या लेखकांना कमी गुण मिळाले, ह्यात नवल नाही. नवल आहे ते पुढेच. दोषांना किती कठोर शिक्षा द्यावयाची हे वाचकाच्या स्वभावावरही अवलंबून असल्याचे आढळले. अंतर्मुख वाचक बहिर्मुखांपेक्षा कठोर ठरले. मिळतेजुळते घेण्याची वृत्ती कमी असलेल्यांना व्याकरणाच्या गफलती अधिक खटकल्या. म्हणजे निवाड्यात आरोपीइतकाच न्यायाधीशही व्यक्त होतो.

हे चार लेख एकत्र वाचले असता एक सूत्र हाती येते. दोषाचे स्थान मजकुरात असते, पण त्याचे वजन मजकुरात नसते. ते ठरते वाचकाच्या अपेक्षेवरून, त्याच्या स्वभावावरून आणि दोषामागे त्याला दिसणाऱ्या सामाजिक चेहऱ्यावरून. मात्र ह्या चारही लेखांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. नियम स्थिर आहे आणि तो सर्वांना सारख्याच अंतरावर आहे, ही ती गोष्ट. मराठीकडे वळताच हे गृहीत डळमळू लागते.

मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले लेखनविषयक चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले. १९७२ साली आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले. ह्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकला आणि ‘कवि’, ‘गति’, ‘गुरु’ असे तत्सम शब्द मराठीत स्वतंत्रपणे येताना दीर्घान्त लिहावेत असे ठरविले. म्हणजे जो गृहस्थ १९६० साली ‘गति’ लिहून शुद्ध होता, तो तेच अक्षर लिहून काही वर्षांत अशुद्ध झाला. त्याच्या काळजीत, ज्ञानात वा नीतीत ह्या अवधीत काहीच पालट झालेला नव्हता. दोषावरून स्वभावाचे अनुमान काढणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवले तरी पुरे.

मराठीतील लेखनदोषांचे, वाचकाच्या प्रतिक्रियेच्या दृष्टीने, तीन वर्ग करता येतील. पहिला वर्ग ऱ्हस्वदीर्घाचा. आजच्या मराठीच्या ध्वनिव्यवस्थेत इ-ई आणि उ-ऊ ह्यांचा भेद सामान्यतः अर्थभेदक राहिलेला नाही. दीर्घत्व बव्हंशी शब्दातील स्थानावरून ठरते. ‘मूल’ आणि ‘गुण’ ह्या दोन शब्दांतील स्वर बोलताना सारखाच दीर्घ उमटतो. पण पहिला शब्द मराठी म्हणून दीर्घ लिहावयाचा आणि दुसरा तत्सम म्हणून ऱ्हस्व. ‘गूण’ लिहिणारा विद्यार्थी आपल्या कानाशी प्रामाणिकच असतो; त्याला ठाऊक नसते ती शब्दाची संस्कृत वंशावळ. समासात आणखी एक वळण येते. ‘कवी’ दीर्घ, पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व; ‘पक्षी’ दीर्घ, पण ‘पक्षिमित्र’ ऱ्हस्व. ह्या वर्गातील दोष सुशिक्षितांच्या लेखनातही विपुल आढळतात आणि बहुसंख्य वाचकांना ते दिसतही नाहीत. ‘मंत्रिमंडळ’ अचूक लिहिणारा मनुष्य पुढच्याच ओळीत ‘पक्षीमित्र’ लिहितो आणि त्याच्या प्रतिष्ठेला तडा जात नाही.

दुसरा वर्ग बोलीतून लेखनात उतरणाऱ्या रूपांचा. अनेक बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. अशा भाषकाच्या अर्जात ‘पाणी’चे ‘पानी’ झाले तर अर्थाला कणभरही धक्का लागत नाही. तरीही हसू उमटते ते येथेच. हेअरस्टन ह्यांची उतरंड मराठीत जशीच्या तशी उभी राहते ती ह्या ठिकाणी. ‘पक्षीमित्र’ आणि ‘पानी’ हे दोन्ही नियमाच्या दृष्टीने सारखेच दोष असताना पहिला नजरेआड होतो आणि दुसरा मुलाखतीच्या खोलीत उमेदवाराच्या आधी जाऊन बसतो. ह्याचे कारण भाषेत सापडणार नाही. पहिला दोष सर्वांच्या घरचा आहे. दुसरा कोणाच्या घरचा आहे हे वाचकाला कळते, किंवा कळले असे वाटते.

तिसरा वर्ग केवळ हस्तदोषाचा. पूर्वी जुळाऱ्याच्या हातून खिळा बदलत असे. आज कळफलकावर बोट घसरते किंवा जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये उतरविताना जोडाक्षरे विसकटतात. असे दोष अज्ञानाचे द्योतक नव्हेत. ते द्योतक असतात मुद्रितशोधनाच्या अभावाचे, आणि मुद्रितशोधन ही व्यक्तीपेक्षा संस्थेची जबाबदारी आहे.

येथे आक्षेप घेतला जाईल की, ऱ्हस्वदीर्घाने अर्थाचा अनर्थ होतो. ‘शिक्षक दिन’ ऐवजी ‘शिक्षक दीन’ लिहिले तर शिक्षक दरिद्री ठरतो. विनोद म्हणून हे उदाहरण ठीक आहे. परंतु तो फलक वाचून शिक्षकांच्या दारिद्र्याची सभा भरली आहे असे समजून कोणी आलेला नसतो. संदर्भ अर्थाचे रक्षण करतो. जेथे संदर्भ रक्षण करू शकत नाही ती स्थळे वेगळीच आहेत: औषधाच्या मात्रेतील अंक, करारनाम्यातून गळलेला नकार, प्रमाणपत्रावरील नाव. एका दाखल्यावर ‘सुनील’ आणि दुसऱ्यावर ‘सुनिल’ असेल तर ह्या वेलांटीच्या फरकापायी माणसाला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. ह्या ठिकाणी कठोरता अवश्य हवी. पण ध्यानात घ्यावे की, येथे दोष बहुधा नोंद करणाऱ्या कचेरीचा असतो आणि दंड मात्र नाव धारण करणाऱ्याला होतो.

ह्या चर्चेला आज व्यावहारिक निकड आहे. २०२२ सालच्या दुरुस्तीने महाराष्ट्रातील लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी देवनागरी फलक बंधनकारक झाला. त्यामुळे ज्यांनी व्यवसायासाठी मराठी कधी लिहिली नव्हती अशा असंख्य लोकांची मराठी चव्हाट्यावर आली आहे. त्यांच्या चुकांवर हसणे सोपे आहे. पण हसण्याने लिहिता हात आखडतो, सुधारत नाही. दुसरीकडे, यंत्राद्वारे लेखनदोष दुरुस्त करण्याची सोय इंग्रजीत आता इतकी सुलभ झाली आहे की, निर्दोष पत्र हे लेखकाच्या काळजीचे गमक राहिलेले नाही. बीसन ह्यांनी दाखविलेली अनुमानाची साखळी त्यामुळे आणखीच ढिली होते. मराठीत ती सोय तितकी परिपक्व नाही. म्हणून तोच उमेदवार इंग्रजी अर्जात दक्ष आणि मराठी अर्जात निष्काळजी दिसू शकतो.

मग नियमच सोडून द्यावेत काय? प्रस्तुत लेखकाचे मत तसे नाही. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी असे भिन्न बोलणाऱ्यांना एकमेकांचे लेखन विनासायास वाचता यावे, ह्यासाठी समान लेखनपद्धती अत्यंत उपकारक आहे. मोरो रामचंद्र वाळंबे आणि अरुण फडके ह्यांच्यासारख्यांनी नियमांच्या प्रसारासाठी घेतलेले श्रम ह्या दृष्टीने आदरणीयच होत. तथापि लेखनाचा नियम हा रस्त्याच्या नियमासारखा संकेत आहे. तो शुचितेचा आचार नव्हे. ‘शुद्धलेखन’ ह्या शब्दातच सोवळ्याओवळ्याचा जो गंध आहे, तो प्रतिक्रियेत उतरतो. चुकलेला मनुष्य केवळ चुकलेला न राहता अशुद्ध ठरतो. महामंडळाने आपल्या नियमांना ‘लेखनविषयक नियम’ म्हटले, ही शब्दयोजना अधिक शास्त्रीय होती. ‘प्रमाणलेखन’ ही संज्ञा रूढ करणे त्याच दिशेचे पुढचे पाऊल ठरेल.

अध्यापक आणि परीक्षक ह्या नात्याने आपणांस ह्यातून घेण्याजोगे तीन गोष्टींचे भान आहे. दोषाची नोंद आणि दोषकर्त्याविषयीचे अनुमान ह्या दोन क्रिया वेगळ्या ठेवाव्यात. पहिली आपले काम आहे, दुसरीला बहुधा पुरावा नसतो. जो दोष दिसला तो का दिसला, आणि तोच दोष नामांकित लेखकाच्या पानावर दिसला असता का, हे स्वतःस विचारावे. आणि कठोरतेचे माप सत्तेच्या प्रमाणात ठेवावे: शासनाचे परिपत्रक, विद्यापीठाची प्रश्नपत्रिका, पाठ्यपुस्तक ह्यांना क्षमा कमी, पहिल्या पिढीत लेखणी हाती धरणाऱ्याच्या अर्जाला अधिक. आज हे माप बहुतेक ठिकाणी उलटे धरले जाते. मराठी वाचकांच्या प्रतिक्रियांचे पद्धतशीर संशोधन हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने ह्या उलट्या मापापासून आरंभ केला, तर हेअरस्टन आणि विल्यम्स ह्यांना इंग्रजीत जे आढळले त्याहून अधिक काही मराठीत त्याच्या हाती लागण्याचा संभव आहे.