गस्तीच्या गाडीतला निवेदक : पोलिसी वास्तवपट आणि त्यांच्या चाहत्यांचा निवाडा

अमेरिकेतील पोलिसी वास्तवपटांचा चाहता भाबडा असतो, पडद्यावरील गणवेशाला तो मनोमन वंदन करतो, असा एक समज अभ्यासकांत रूढ आहे. तो फारसा खरा नाही. ‘कॉप्स’ किंवा ‘लाइव्ह पीडी’ यांसारखी मालिका वर्षानुवर्षे नेमाने पाहणारा प्रेक्षक बहुधा चिकित्सक असतो. दारू प्यायलेल्या माणसाशी कोणत्या अधिकाऱ्याने किती धीराने बोलणे चालवले, कोणाचा आवाज कारण नसताना चढला, बेड्या घातल्यावरही कोणी टोमणे मारणे थांबवले नाही, विजेचा धक्का देणारे टेझर कोणाच्या हाती अंमळ लवकरच आले, घाबरलेल्या मुलाशी बोलताना कोण गुडघ्यावर बसला, हे सारे त्याच्या ध्यानात राहते. त्यावरून तो अधिकाऱ्यांची तुलना करतो, काहींना डोक्यावर घेतो, काहींना झोडपतो. हा एक प्रकारचा निवाडाच असतो, आणि तो पुष्कळदा बारकाईने केलेला असतो. प्रश्न आहे तो या निवाड्याची प्रमाणे कोणती आणि ती आली कोठून, हा. ती प्रमाणे कायद्याची नाहीत, नागरिकशास्त्राचीही नाहीत. ती व्यक्तिचित्रणाच्या समीक्षेची आहेत आणि मालिकेच्या निवेदनपद्धतीनेच ती चाहत्याच्या हाती दिलेली आहेत, असे येथे प्रतिपादन आहे. म्हणूनच हा निवाडा वर्तनाच्या रीतीविषयी कठोर आणि त्याच्या मुळाविषयी मुका राहतो.

‘कॉप्स’ ही मालिका ११ मार्च १९८९ रोजी फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. जॉन लँगली आणि माल्कम बार्बर हे तिचे निर्माते. आदल्या वर्षीच्या लेखकांच्या संपाच्या पार्श्वभूमीवर पटकथा आणि नट यांवाचून चालणारा कार्यक्रम वाहिनीला सोयीचा वाटला, हा तिच्या जन्माचा व्यावहारिक भाग. वाङ्मयीन दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या मालिकेत निवेदक नाही. कोणताही आवाज पडद्याआडून प्रसंग समजावून सांगत नाही. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. निवेदक नाही म्हणजे दृष्टिकोनही नाही, असा भास त्यामुळे निर्माण होतो, आणि निर्मात्यांनी या भासालाच सत्यतेचे प्रमाणपत्र मानले. प्रत्यक्षात निवेदकाची रिकामी जागा अधिकाऱ्याने भरलेली असते. प्रसंगाच्या आरंभी तो गाडी चालवत कॅमेऱ्याशी बोलतो : पोलिसात का आलो, या वस्तीत काय चालते, आत्ता आलेला निरोप कशाबद्दल आहे. प्रसंगाच्या शेवटी पुन्हा तोच झाल्या गोष्टीचा अर्थ लावतो. मधल्या काळात कॅमेरा त्याच्या खांद्यामागून धावतो, त्याच्याबरोबर कुंपण ओलांडतो, दार उघडताना त्याच्याबरोबर थबकतो. दाराच्या आतल्या माणसाला ते दार उघडले जाताना काय दिसले असेल, ते चित्रण या मालिकेजवळ असू शकत नाही. ज्याच्या डोळ्यांनी पाहायचे त्याच्याच तोंडून ऐकायचे, असा हा प्रथमपुरुषी निवेदनाचा प्रकार आहे. फक्त त्यात ‘मी’ हे सर्वनाम कॅमेऱ्याने उच्चारलेले असते.

याच वर्षी, मालिका सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रॅहम विरुद्ध कॉनर’ या खटल्यात पोलिसांच्या बळाच्या वापराचा निकष सांगितला. बळाचा वापर वाजवी होता की नाही हे त्या स्थळी असलेल्या विवेकी अधिकाऱ्याच्या भूमिकेतून ठरवावे, मागाहून सुचलेल्या शहाणपणाच्या आधारे नव्हे, असा त्याचा आशय. या दोहोंत कार्यकारणसंबंध शोधण्याचे कारण नाही. तरीही एकाच वसंत ऋतूत न्यायव्यवस्था आणि दूरचित्रवाणी यांनी परीक्षकाची खुर्ची गस्तीच्या गाडीतच नेऊन ठेवावी, हे नजरेआड करण्याजोगे नाही. कादंबरीच्या अभ्यासकाला यातील पेच ओळखीचा वाटेल. दृष्टिकोन ही केवळ पाहण्याची जागा नसते. कोणते प्रश्न सुचू शकतात, हेही तीच ठरवते. अधिकाऱ्याच्या जागी बसलेल्या परीक्षकाला ‘या क्षणी याने आणखी काय करायला हवे होते?’ हा प्रश्न सहज सुचतो. ‘हा क्षण मुळात आला कसा?’ हा प्रश्न मात्र त्या खुर्चीवरून सुचत नाही.

एक उदाहरण असे मालिकांत शेकडो वेळा आढळते. रात्री गाडीचा मागचा दिवा बंद आहे म्हणून अधिकारी गाडी थांबवतो. चालकाशी गोड बोलतो, कुठे निघालात विचारतो, आणि मग सहज म्हणावे तसे विचारतो, गाडीत नको ते काही नाही ना, जरा पाहिले तर चालेल ना? चालक हो म्हणतो. झडतीत थोडा अमली पदार्थ सापडतो. चाहत्यांच्या चर्चेत अशा अधिकाऱ्याला सहसा चांगले गुण मिळतात : आवाज चढवला नाही, विनोद केला, माणसाचा अपमान केला नाही. हे गुण खोटे नाहीत. परंतु दिवा हे निमित्त होते की कारण, हा प्रश्न या चर्चेत बाजूलाच राहतो. ‘व्हरेन’ खटल्यात १९९६ साली न्यायालयानेही, वाहतुकीचा नियम खरोखर मोडला गेला असेल तर अधिकाऱ्याचा अंतस्थ हेतू अप्रस्तुत ठरवला. झडतीला नकार देता येतो हे चालकाला ठाऊक होते काय, हाही प्रश्न तसाच राहतो; ते त्याला सांगणे पोलिसांवर बंधनकारक नाही, असा ‘श्नेक्लॉथ’ खटल्याचा १९७३ सालचा निर्णय आहे. या प्रसंगात अधिकाऱ्याचे सौजन्य हाच त्याच्या सत्तेचा व्यवहार आहे. सौजन्य जितके अस्सल, तितके ‘नाही’ म्हणणे कठीण. रीतीवर गुण देणारा परीक्षक नेमका ज्या गोष्टीने प्रसन्न होतो, तीच गोष्ट चालकाच्या दृष्टीने संशयास्पद ठरावी, असा हा विरोधाभास आहे.

मग चाहता तरी रीतीवरच का थांबतो? कारण त्याला मिळालेल्या संहितेत व्यक्तिरेखा एकच आहे. ‘लाइव्ह पीडी’ ही ए अँड ई वाहिनीवरील मालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाली. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री तीन तास, अनेक गावांतील पोलीस पथकांबरोबर फिरणारे कॅमेरे, आणि स्टुडिओत बसलेला सूत्रसंचालक डॅन अब्राम्स. येथे तेच अधिकारी आठवड्यामागून आठवडे दिसू लागले. त्यांच्या लकबी, शब्द, कुत्र्यांची नावेसुद्धा प्रेक्षकांना पाठ झाली. मालिकेने त्यांना काळ दिला, आणि काळ मिळाला की माणूस व्यक्तिरेखा होतो. संशयिताला मात्र एकच प्रसंग मिळतो. तोही बहुधा त्याच्या आयुष्यातील सर्वांत वाईट. त्याला आदल्या दिवशीची सकाळ नाही, पुढच्या महिन्यातील न्यायालयाची तारीख नाही. खटला उभा राहिला का, सुटका झाली का, हे मालिका सहसा सांगत नाही. ‘कॉप्स’च्या आरंभी आरोपी हे दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानावेत, अशी सूचना ऐकू येत असे; पण ज्या कथेत सिद्धता कधीच येत नाही तिच्यात ही सूचना निव्वळ नांदी होऊन राहते.

मराठी कादंबरीसमीक्षेनेही एके काळी ‘व्यक्तिरेखा जिवंत उतरली आहे’ या वाक्यावर बरीच गुजराण केली. पात्र आवडले की नाही, त्याचा स्वभाव सुसंगत आहे की नाही, यापलीकडे न जाणाऱ्या समीक्षेला आपण आता हसतो. पोलिसी मालिकेचा चाहता हीच समीक्षा खऱ्या माणसांवर करत असतो, आणि आपल्यापैकी कित्येकांपेक्षा अधिक मन लावून करत असतो.

संस्कृत काव्यशास्त्राची परिभाषा येथे जपूनच वापरावी लागेल, कारण ती नाट्याविषयी आहे आणि येथील माणसे नट नव्हेत. तरी एका मुद्द्यापुरता तिचा उपयोग आहे. प्रेक्षक विशिष्ट व्यक्ती, स्थळ आणि काळ यांत अडकून राहिला तर तो रसप्रतीतीतील विघ्न ठरतो, असे अभिनवगुप्त मानतो. या मालिकांत अधिकाऱ्याचे नाव, गाव आणि घड्याळातील वेळ पडद्यावर लिहिलेली असते. म्हणजे विशिष्टतेचा गजर चालू असतो. असे असूनही वारंवार दिसल्याने अधिकारी ‘कोणीही कर्तव्यदक्ष माणूस’ होतो. प्रेक्षक त्याची भीती, त्याचा थकवा आपलासा करतो. संशयिताच्या बाबतीत ही प्रक्रिया घडतच नाही. तो शेवटपर्यंत ‘परका’ राहतो. याला अर्धे साधारणीकरण म्हणता येईल. त्यातून दया उपजत नाही असे नाही. पण ती अधिकाऱ्याच्या मार्गाने येते. अधिकाऱ्याने दया दाखवली तर प्रेक्षकाला ती जाणवते, आणि तिचे श्रेय अधिकाऱ्याच्या स्वभावाला मिळते.

‘लाइव्ह पीडी’ने या रचनेत भाष्यकाराची भर घातली. स्टुडिओत अब्राम्सच्या शेजारी बसणारा शॉन लार्किन हा टल्सा येथील पोलीस अधिकारी. तो आधी मालिकेतील गस्तीवर दिसला आणि मग तिचा विश्लेषक झाला. पात्राने भाष्यकार व्हावे, हे मोठे सूचक आहे. हात कोठे ठेवायला का सांगितले, दुसरी गाडी का बोलावली, माणूस पळेल हे कशावरून कळते, हे तो समजावून सांगे. चाहत्यांनी ही परिभाषा आत्मसात केली आणि तिच्याच आधारे अधिकाऱ्यांच्या चुका काढू लागले. म्हणजे त्यांच्या टीकेचे शस्त्रही त्याच शस्त्रागारातून आलेले होते. जॉन फिस्कच्या परंपरेतील अभ्यासक अशा टीकेला प्रेक्षकाचा प्रतिकार म्हणू पाहतील. तो मोह आवरलेला बरा. प्रशिक्षणाच्या मापाने अधिकाऱ्याला मोजणे ही खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याची भूमिका झाली; ती उपयुक्त असेल, प्रतिकार मात्र नव्हे. कित्येकदा तर प्रेक्षक परीक्षकाहूनही पुढे गेले : पळणाऱ्या माणसाने वाटेत काही टाकल्याचे पडद्यावर दिसले की ते लगोलग कळवू लागले. तेथे प्रेक्षागृह आणि गस्त यांतील भिंत उरली नाही.

चाहत्यांच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद पारदर्शकतेचा आहे. कॅमेरा सोबत असला की अधिकारी सावध राहतो आणि लाखो लोक त्याच्यावर नजर ठेवतात, असे ते म्हणत. निर्मात्यांची भूमिकाही हीच होती. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र दिसते ते कोणी निवडले, हे पाहिल्यावाचून त्याची परीक्षा होत नाही. ‘कॉप्स’च्या बाबतीत पोलीस खात्यांना प्रसारणापूर्वी चित्रण पाहून आक्षेप घेण्याची मुभा असे. ‘लाइव्ह’ म्हणवणारी दुसरी मालिकाही काही मिनिटांच्या विलंबाने दाखवली जाई. वेन बूथने कादंबरीच्या संदर्भात ज्याला अभिप्रेत लेखक म्हटले तो येथे या विलंबात बसलेला आहे. निवेदक अधिकारी आहे हे प्रेक्षकाला दिसते. लेखक कोण, हे दिसत नाही.

मार्च २०१९ मध्ये टेक्सासमधील विल्यमसन परगण्याच्या डेप्युटींनी एका ४० वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसाच्या गाडीचा पाठलाग केला. समोरून येणाऱ्या गाडीसाठी त्याने हेडलाइट मंद केले नाहीत, हे कारण. पाठलाग ऑस्टिन शहरात संपला. आपल्याला हृदयविकार आहे, श्वास घेता येत नाही, असे तो सांगत असताना त्याच्यावर टेझर वारंवार चालवले गेले आणि तो मेला. ‘लाइव्ह पीडी’चे पथक तेथे चित्रण करत होते. ते चित्रण कधीच दाखवले गेले नाही. चौकशी संपल्याचे समजल्यावर ते जपून ठेवले नाही, असे वाहिनीने नंतर सांगितले. या मृत्यूची हकीकत जून २०२० मध्ये पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांच्या चित्रणासह बाहेर आली. तोवर मिनीआपोलिसमधील जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू रस्त्यावर उभ्या असलेल्या एका मुलीच्या फोनमधून जगाने पाहिला होता. त्याच महिन्यात ‘लाइव्ह पीडी’ आणि ‘कॉप्स’ या दोन्ही मालिका त्या त्या वाहिन्यांनी बंद केल्या.

म्हणजे सव्वा वर्ष हे चाहते दर शुक्रवारी-शनिवारी अधिकाऱ्यांच्या आवाजाची पट्टी, संयम, विनोदबुद्धी यांचे परीक्षण करत होते, आणि ज्या एका प्रसंगाविषयी त्यांचे मत खरोखर महत्त्वाचे ठरले असते तो त्यांच्यापुढे आलाच नव्हता. यात त्यांचा दोष नाही. पण आपल्याला काय दाखवले जात नसेल, ही शंका त्यांच्या चिकित्सेत क्वचितच शिरली होती. चिकित्सा होती ती संहितेच्या आत, पात्रापुरती. रस्त्यावरच्या मुलीच्या फोनमध्ये याच्या उलट घडले होते. त्यात अधिकाऱ्याची ओळख नाही, त्याची पार्श्वभूमी नाही, शेवटी अर्थ सांगणारा त्याचा आवाज नाही. कॅमेरा जमिनीवरच्या माणसाकडे तोंड करून उभा आहे. तो अधिकारी स्वभावाने कसा, हा प्रश्न त्या चित्रणापुढे कोणालाही सुचला नाही.

२०२१ साली टेक्सासने पोलीस खात्यांना अशा वास्तवपटांशी करार करण्यास मनाई करणारा कायदा केला. त्याच वर्षी ‘कॉप्स’ फॉक्स नेशनवर परतली. जुलै २०२२ मध्ये अब्राम्स आणि लार्किन हे दोघेही ‘ऑन पेट्रोल : लाइव्ह’ या नावाने रील्झ वाहिनीवर पुन्हा दिसू लागले आणि जुने चाहते मोठ्या संख्येने परतले. ही आपल्या मालिकेची नक्कल आहे, म्हणून ए अँड ई वाहिनीने दावा लावला. वास्तव दाखवण्याच्या रीतीला मालक असतो, हे त्या निमित्ताने तरी उघड झाले. ऑस्टिनच्या त्या मृत्यूबद्दल सदोष मनुष्यवधाचा आरोप असलेले दोन्ही माजी डेप्युटी मार्च २०२४ मध्ये ज्यूरीने निर्दोष ठरवले. त्यांच्यापुढे ठेवलेल्या पुराव्यात मालिकेच्या पथकाने केलेले चित्रण नव्हते.