अक्षता कुठली, मुंगी कुठली

लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटमधली एकच चौकट रसग्रहणासाठी निवडायची झाली, तर मी अंतरपाटाची निवडेन. पांढरं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, दोन्ही टोकं धरलेले हात, मागे मंडपाचा खांब, वर झिरमिळ्या आणि चहूकडून पडणाऱ्या अक्षता. व्हीएचएसला जे जे झेपत नाही, ते सगळं इथे एका जागी जमलेलं असतं: भगभगीत पांढरा, गडद लाल, सरळ उभी रेघ आणि क्षणात येऊन जाणारा बारीक कण. घरच्या घरी कॅसेट संगणकावर उतरवणाऱ्याने आपलं कसब इथेच लावून पाहावं. अंतरपाट नीट उतरला तर पुढची पंगत आपोआप उतरते.

चौकट वरून खाली वाचू. झिरमिळ्या एका बाजूला कललेल्या दिसतात आणि खांबाची कड दातेरी. मंडपवाल्याचा त्यात काही दोष नाही. व्हीसीआरमधला ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फेरे घेतो. त्यावरची दोन हेडं अर्धा इंच रुंदीच्या टेपवरचे तिरपे पट्टे आळीपाळीने वाचतात आणि एका पट्ट्यात अर्धं चित्र असतं. टेपचा ताण जरा बदलला, की ओळी थोड्या आधी किंवा थोड्या उशिरा सुरू होतात. पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे बऱ्यापैकी सांभाळून घ्यायचा. कॅप्चर कार्ड मात्र वेळेचं पक्कं, त्यामुळे चुकलेली ओळ ते चुकलेल्या जागीच मांडतं.

यावरचा इलाज म्हणजे टाइम बेस करेक्टर. तो प्रत्येक ओळ स्मृतीत धरतो, तिच्या सुरुवातीची सिंकची खूण तपासतो आणि मग ओळी सारख्या अंतराने सोडतो. पण हे टेप चालू असतानाच व्हायला हवं. सिंकची खूण नेहमीच्या व्हिडिओ फाइलमध्ये येतच नाही, त्यामुळे नंतर कितीही डोकं आपटलं तरी खांब सरळ व्हायचा नाही. काही चांगल्या एस-व्हीएचएस यंत्रांत ही सोय आतच असते. ते परवडत नाही किंवा मिळत नाही, अशी मंडळी पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर शोधून काढतात आणि चित्र त्याच्यातून नुसतं पार करून घेतात. त्यात डीव्हीडी एकही बनत नाही, पण खांब सरळ होतो. त्याहून हौशी लोक थेट हेडमागचा कच्चा सिग्नल नोंदवतात आणि व्हीएचएस-डिकोड नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरकडून चित्र घडवून घेतात. तो मार्ग सुंदर आहे, पण त्यासाठी व्हीसीआर उघडून सोल्डरिंगला बसावं लागतं.

आता कापड. व्हिडिओवाल्याचा दिवा अगदी जवळ असायचा, त्यामुळे अंतरपाट पांढऱ्याच्याही पलीकडे गेलेला असतो. टेपवर त्याच्या चुण्या पुष्कळदा शाबूत असतात. त्या मरतात कॅप्चर करताना. उजळपणा आणि काँट्रास्ट आधीच थोडे उतरवून, कापडावर चुणी दिसतेय ना हे पाहून मगच नोंद सुरू करावी. व्हीसीआरवर 'एडिट' नावाचं बटण असेल तर तेही लावावं. त्याने यंत्राची धार वाढवण्याची सवय आवरते आणि हातांच्या कडेने येणारी पांढरी किनार कमी होते.

स्वस्तिकाचं दुखणं वेगळं. व्हीएचएसमध्ये उजेडाचा तपशील आडवा मोजला तर जेमतेम २४० रेषांचा; रंगाला त्याच्याही काही अंशच जागा मिळते, कारण रंग खाली ६२७ किलोहर्ट्झच्या आसपास दाबून बसवलेला असतो. म्हणून कुंकू आपल्या रेघेत राहत नाही, बाजूला पसरतं. शिवाय घरात असते ती बहुधा नकलेची नक्कल: मूळ चित्रीकरण, त्यावरून जुळणी आणि तिच्यावरून नातेवाइकांना वाटलेल्या प्रती. दर नकलेला रंग थोडा खाली घसरतो. सॉफ्टवेअरमध्ये फक्त रंगाचा थर एक-दोन ओळी वर आणि काही बिंदू डावीकडे सरकवला, की लाल पुन्हा स्वस्तिकावर येऊन बसतो. एवढ्याशा हालचालीने डोळ्यांना जे समाधान मिळतं, ते या कामातलं मला सर्वांत आवडतं. टेपवर उजेड आणि रंग वेगळेच असतात; जुन्या पिवळ्या कंपोझिट वायरीतून पाठवताना ते कालवले जातात आणि कडांवर ठिपके सळसळतात. एस-व्हिडिओची वायर वापरली तर ते टळतं.

खरा कस लागतो तो अक्षतांपाशी. टेपवरचा चुंबकीय लेप जिथे झिजला असेल किंवा जिथे धूळ बसली असेल, तिथे हेडला क्षणभर काहीच सापडत नाही आणि चित्रात पांढरी रेघ किंवा ठिपका चमकून जातो. आपण याला मुंग्या म्हणत आलो. आता संगणकाच्या बाजूने पाहा. मुंगी एका चित्रात असते, पुढच्यात नसते. अक्षताही तशीच. मागचं-पुढचं चित्र ताडून, मधेच उगवलेलं पुसून टाकणारं साधन दोघींना एकाच झाडूने झाडतं. मंगलाष्टकं संपतात, सगळे हात उडवतात आणि हवेत एक दाणा नसतो! चित्र मात्र कसं स्वच्छ, गुळगुळीत. असं 'रिस्टोअर' केलेलं लग्न मला बघवत नाही.

दोष पुसण्याचा हा वाद संस्कृत काव्यशास्त्रात जुनाच. मम्मटाने काव्याची व्याख्या करताना निर्दोषपणाची अट घातली. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त त्यावर हरकत घेतली: अशी अट धरली तर काव्य सापडणंच मुश्कील, आणि किडीने टोकरलं म्हणून रत्नाचं रत्नपण जात नाही. या कामात मी विश्वनाथाच्या बाजूचा. दोष जरूर काढावा, पण तो कोणाचा हे आधी ओळखावं. आजच्या वाचनाने आणलेला असेल तर तो जायलाच हवा. टेपच्या अंगचा असेल तर त्याच्याशी जपून वागावं.

आणि हे ओळखण्याची एक देखणी युक्ती आहे. तीच टेप तीनदा, जमल्यास पाचदा, चालवून नोंदवायची. सगळ्या नोंदी चित्राला चित्र लावून जुळवायच्या आणि प्रत्येक बिंदूसाठी मधली किंमत घ्यायची. धुळीची मुंगी एका फेरीत येते, दुसरीत नसते, ती गळते. अक्षता टेपवरच नोंदलेली, म्हणून दर फेरीत हजर; ती राहते. लेपच उडालेला असेल तिथला ओरखडाही दर वेळी येतो, म्हणून तोही राहतो. तो एकेक हाताने बुजवता येतो, कारण तो ओळीला धरून अगदी आडवा असतो आणि अक्षता तिरकी पडते.

अर्थात टेप इतक्या वेळा चालवण्याजोगी हवी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसली, तर ती यंत्रात घालूच नये. पुढच्या कॅसेटलाही प्रसाद मिळतो. हेड पुसायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामडं वापरावं, चामडं स्थिर धरून ड्रम हाताने फिरवावा. वर-खाली घासलं की हेड मोडलंच.

चौकटीच्या तळाशी काही ओळी फाटलेल्या दिसतात. एका हेडकडून दुसऱ्याकडे जाण्याची ती जागा, टीव्हीच्या चौकटीमागे कायम दडलेली. तिच्यावर काळी पट्टी टाकली की झालं.

चेहरे 'सुधारणाऱ्या' कृत्रिम बुद्धीच्या साधनांबद्दल एवढंच, की गर्दीतल्या मावशीचा चेहरा मुळात पाच-पंचवीस ओळींचा. त्यात पापण्या आणि दात भरले, तर ती कोणाची तरी मावशी होते, आपली राहत नाही.

शेवटी प्रती. मूळ नोंद हानिरहित कोडेकमध्ये, काहीही न पुसता ठेवावी. काहीच न दाबता ठेवली तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. हानिरहित कोडेकमध्ये त्याहून बऱ्याच कमी जागेत भागतं. घरात दाखवायची प्रत वेगळी काढावी, आणि ती काढताना दोन अर्ध्या चित्रांचं एक करून सेकंदाला २५ वर आणू नये. अक्षता एका अर्ध्या चित्रात एका जागी असते, दुसऱ्यात बोटभर खाली. पन्नासही चित्रं राहू दिली, तरच ती पडताना दिसते.