माशांतील ताण : वेन्डेलार बोंगा यांच्या निबंधाचे परीक्षण

अस्थिमत्स्यांच्या ताण-प्रतिक्रियेसंबंधीच्या वाङ्मयात डच शास्त्रज्ञ वेन्डेलार बोंगा यांच्या, १९९७ साली ‘फिजिऑलॉजिकल रिव्ह्यूज’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाचे स्थान वरचे आहे. नांदेड-लातूरकडील प्राणिशास्त्राच्या अभ्यासकालाही तो टाळून पुढे जाता येत नाही. मात्र गोदावरी-मांजरेच्या पाण्याला तो कितपत लागू पडतो, याचा विचार व्हावयास हवा.

निबंधाचा मूळ विचार स्वच्छ आहे. संकटाची जाणीव होताच मेंदूचा इशारा दोन वाटांनी निघतो. मज्जातंतूंच्या वाटेने क्रोमॅफिन पेशी ॲड्रेनॅलिन रक्तात सोडतात. दुसऱ्या वाटेने हायपोथॅलॅमसमधील सी.आर.एफ. हे द्रव्य पोष ग्रंथीला चेतविते, तिच्यातून ए.सी.टी.एच. निघते आणि त्याच्या प्रेरणेने वृक्काच्या शिरोभागातील पेशी कॉर्टिसॉल स्रवतात. साठविलेली ऊर्जा मोकळी होते. पण ती वाढ व प्रजनन यांकडून काढून घेतलेली असते. येथवर मासा आणि सस्तन प्राणी यांत फारसा भेद नाही.

भेद आहे तो पाण्यामुळे. ताणाखालील माशाच्या कल्ल्यांतून पाणी व क्षार यांची ये-जा वाढते आणि गोड्या पाण्यातील मासा क्षार गमावू लागतो. हा तोल सावरण्याचे कामही कॉर्टिसॉलच करते. सस्तन प्राण्यांत ज्यासाठी दोन निराळी संप्रेरके लागतात, ते येथे एकाच्याच वाट्याला आले आहे. कॉर्टिसॉलला केवळ वाढीचा वैरी ठरविणाऱ्या लेखनाला याहून समर्पक उत्तर नाही.

निबंधातील सर्वांत मोलाचा भाग विषारी द्रव्यांविषयीचा होय. कीटकनाशके किंवा जड धातू पेशींना इजा करतात, ही एक गोष्ट. आणि त्यांच्यामुळे सर्व शरीराची ताण-प्रतिक्रिया जागी होते, ही दुसरी. या दोहोंची गल्लत विषबाधेच्या प्रयोगांत सहज होते. कोळ्याकडून घेतलेला मासा डब्यातून प्रयोगशाळेत येतो, अरुंद काचपेटीत राहतो, मग त्याला विष दिले जाते. अखेरीस यकृतातील ग्लायकोजेन घटलेले दिसले, की ते विषाच्या खात्यावर पडते. परंतु पकडणे, हाताळणे आणि दाटीत कोंडणे यांनीही ग्लायकोजेन घटू शकते. विष न दिलेल्या, पण तितक्याच हाताळलेल्या माशांशी तुलना केल्यावाचून, आणि शक्य तेथे कॉर्टिसॉल मोजल्यावाचून, अशा आकड्याचा अर्थ लावणे धाडसाचे आहे. पुष्कळ प्रबंधांतील कोष्टके या दृष्टीने पुन्हा वाचावी लागतील.

भक्षण व वर्तन यांना मात्र निबंधात त्यामानाने थोडी जागा मिळाली आहे. ती उणीव पुढील संशोधनाने काही अंशी भरून काढली. ग्रेगरी आणि वुड यांनी १९९९ मध्ये इंद्रधनुषी ट्राउटच्या पिलांत दीर्घकाळ कॉर्टिसॉलची पातळी उंचावून पाहिली, तेव्हा ती कमी खाऊ लागली, कमी वाढली आणि सोबत्यांशी स्पर्धेत मागे पडली. सी.आर.एफ. स्वतःच भूक मारते, हे गोल्डफिशवरील प्रयोगांनी दाखविले. म्हणजे ताणलेला मासा घास शोधत नाही, इतरांकडून हटविला जातो आणि जे खातो त्याचेही मांस पुरेसे होत नाही, तिन्हीकडून तोटा.

मोठा आक्षेप वेगळाच आहे. अभ्यासलेल्या जाती थोड्या व प्रातिनिधिक नाहीत, हे निबंधकार स्वतः मान्य करतात. तरीही त्यांच्या कल्ल्यांच्या सिद्धांताला मरळ माशाचा विचार करता जपूनच हात घालावा लागेल. मरळ श्वसनाचा काही भाग हवेतून भागवितो आणि आटत्या डोहात इतर मासे मरत असता तग धरतो. कल्ल्यांवर इतका भार न टाकणाऱ्या अशा माशाचा ताण ट्राउटच्या मापाने मोजता येईल, असे गृहीत धरण्यास आधार नाही. पाण्यातील कॅल्शियम ताणाची तीव्रता कमी-अधिक करते, हे निबंधातील विधानही येथे तपासून पाहण्याजोगे आहे. कारण दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपणारे पाणी बहुधा जड असते.

शिवाय काळाचा प्रश्न आहे. प्रयोगशाळेतील ताण मिनिटांचा वा दिवसांचा. मराठवाड्यातील उन्हाळ्याचा ताण महिन्यांचा. धनेगावचा मांजरा प्रकल्प आटून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा माणसांच्या हालांची नोंद झाली. उरलेल्या पाण्यात दाटलेल्या रोहू-मृगळांच्या रक्तात काय चालले होते, हे जाळ्यात सापडलेल्या माशावरून कळणे कठीणच. पकडल्यापासून काही मिनिटांतच कॉर्टिसॉल चढते आणि मोजणी त्या पकडीचीच होऊन बसते. या अडचणीवर वाट सुचली ती निबंधानंतर. खवल्यांत कॉर्टिसॉल साठत जाते आणि त्यावरून दीर्घकाळच्या ताणाचा माग लागतो, हे २०१५ मध्ये सामान्य कार्प माशावर दाखविले गेले. आणि हा मासा रोहूच्याच कुळातला आहे.