‘येणे’ या क्रियापदाचे वृत्तपत्री रूप

पाऊस येतो, ताप येतो, अवचित पाहुणा येतो. या येण्यात कर्ता उघड असतो. वृत्तपत्रांत मात्र ‘लाठीमार करण्यात आला’, ‘झोपड्या हटविण्यात आल्या’, ‘तिघांना अटक करण्यात आली’. लाठी जणू आपल्या पायांनी चालत आली! सरकारी परिपत्रकांची ही धाटणी वार्ताहरांनी उचलली, आणि परिपत्रकाला सोयीचे असलेले मौनही तिच्याबरोबर घरात घेतले. ‘कोणाकडून?’ हे न सांगताही वाक्य पुरे होते, हीच त्यातील मेख.

कायद्याला असे वाक्य पुरत नाही. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने आपले नाव व हुद्दा स्पष्ट दिसेल अशी पट्टी लावावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली ठरविले. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६ व्या कलमातही नावाची अट आहे. कायदा जे नाव छातीवर लावावयास सांगतो, ते बातमी पुसून टाकते. चोराच्या बाबतीत मात्र हा संकोच नाही. ‘चोरट्यांनी कुलूप तोडले’ असे आमची पत्रे बिनदिक्कत लिहितात; चोर अज्ञात, पण कर्ता हजर!

जागेची सबब सांगावी, तर ‘लाठीमार करण्यात आला’ हे तीन शब्द, आणि ‘पोलिसांनी लाठीमार केला’ हेही तीनच.