साचा कोणाचा, हसे कोणाचे?

तुर्कस्तानातील लोकप्रिय विनोदी चित्रपट साचेबंद आहेत, पहिल्या दहा मिनिटांतच त्यांचा शेवट कळतो, असा सुशिक्षितांचा जुना आक्षेप आहे. असा आक्षेप ऐकला की मी सावध होतो. कारण एकसुरीपणाचा, पुनरुक्तीचा आरोप प्रस्थापित समीक्षेने दलित साहित्यावरही केलेला आहे. म्हणून साचा आहे की नाही हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तो साचा कोणाच्या बाजूने उभा राहतो, हे तपासले पाहिजे.

साचा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. इस्तंबूलमधील येशिलचाम ह्या रस्त्यावरून ज्या चित्रपटसृष्टीला नाव मिळाले, तिने १९७०च्या दशकात केमाल सुनाल ह्या नटाभोवती एक ठरीव कथा उभी केली. एर्तेम एइल्मेझ ह्यांच्या 'हबाबाम सिनिफी' (१९७५) मध्ये त्याने शाबान नावाचा विद्यार्थी रंगवला आणि ते नाव त्याला कायमचे चिकटले. हा शाबान भोळा, बावळट, बहुधा हलक्या कामातला. सगळे त्याला हिणवतात, गैरसमजांची मालिका होते, शेवटी शहाणे फसतात आणि शाबान तरतो. 'तोसुन पाशा' (१९७६) मध्ये तर नोकरालाच पाशाचा वेष चढवला जातो. खरा पाशा केव्हातरी उगवणार, हे प्रेक्षक आधीच जाणून असतो. कारागोझच्या जुन्या छायाखेळाचेही टप्पे ठरलेले असत आणि त्यातही अडाणी कारागोझ सुशिक्षित हाजिवातच्या जड भाषेची टर उडवी.

मग गरीब प्रेक्षक ठरलेला शेवट पाहायला पुन्हा पुन्हा का जातो? अनातोलियातून पोटासाठी शहरात आलेल्या माणसाच्या आयुष्यातही बरेच काही ठरलेलेच असते. पण ते मालकाने आणि मुकादमाने ठरवलेले. चित्रपटगृहात दोन तास तरी हा निकाल उलटा लागतो. ही खात्रीच तो तिकिटाच्या पैशांत विकत घेतो. त्याला अभिरुचीहीन म्हणणे ही वर्गीय तुच्छता आहे.

परंतु येथेच थांबलो तर ती भाबडी वकिली होईल. झेकी ओक्तेन ह्यांच्या 'कापिजिलार क्राली' (१९७६) मधील सेयित हा इमारतीच्या तळघरात राहणारा रखवालदार आहे. त्यांच्याच 'चोपचुलेर क्राली' (१९७७) चा नायक रस्ते झाडतो. दोन्ही शीर्षकांत 'राजा' आहे : रखवालदारांचा राजा, झाडूवाल्यांचा राजा. हाती झाडू असलेला माणूस नायक झाला, ह्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण हे राज्य एकट्याच्या हुशारीचे आहे. एक सेयित वर चढतो. तळघर पुढच्या सेयितची वाट पाहत तसेच राहते. शेवट आधी कळतो ह्याचे मला काही वाटत नाही. शेवटानंतरही व्यवस्था जागची हलत नाही, हे खुपते.

ह्याच साच्याने 'किबार फेझो' (१९७८) मध्ये आपली मर्यादा ओलांडली. दिग्दर्शक आतिफ यिल्माझ. सामग्री नेहमीचीच : भोळा तरुण, प्रेयसी, वधूमूल्याची अडचण, प्रतिस्पर्धी, आणि शेनेर शेनने रंगवलेला आगा, म्हणजे गावचा जमीनदार. आगा फेझोला गावाबाहेर घालवतो. शहरात फेझो कामगारांची भाषा ऐकतो आणि ती गावात घेऊन येतो. अखेर आगा त्याच्या हातून मरतो. आगाची फजिती पुरेशी नाही, आगापणच संपले पाहिजे, हे हसता हसता प्रेक्षकाला कळते. तरीही येथे एक मौन आहेच. गाव पूर्वेकडचे, पण माणसे बोलतात ती तुर्कीच. तिकडचा हेल तेवढा हसण्यापुरता वापरला आहे. कुर्दांच्या भाषेला ह्या हास्यात जागा नाही.

१२ सप्टेंबर १९८०च्या लष्करी उठावाने कामगार चळवळ चिरडली. पुढे २००८ मध्ये शाहान गोकबाकारचा 'रेजेप इवेदिक' आला. २०१७ मधील त्याच्या पाचव्या भागाला ७० लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. रेजेपही खालच्या थरातलाच. पण त्याच्यासमोर आगा उरलेला नाही. जो आडवा येईल त्याच्या अंगावर तो धावून जातो. साचा टिकला, शत्रू मात्र हरवला.

आपल्यावरील पुनरुक्तीच्या आरोपाला माझे उत्तर जुनेच आहे : अत्याचार पुन्हा घडतो, म्हणून तो पुन्हा सांगावा लागतो. पण हे उत्तर देऊन आपली सुटका होत नाही. आपल्या कथेतला एक नायक शिकून वर येतो, साहेब होतो आणि आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा त्याच्या मागे राहिलेल्या तळघराचे काय झाले, हे आपणही विचारले पाहिजे.